खाली घेतलेला माणूस

भागवतला मरण ओळखता येतं असा पालम तालुक्यात बोलबाला होता, आणि तो करण्यात सगळ्यात मोठा वाटा खुद्द भागवतचाच होता. चौदा वर्षं अँब्युलन्स चालवली म्हणून ड्रायव्हरचा डॉक्टर होत नाही, पण हे त्याला सांगणार कोण? पेशंटला स्ट्रेचरवर घेताना तो हळूच कानाच्या पाळीला बोट लावायचा. पाळी गार लागली की घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचा, "वाटंतच जाईल." कैकदा ते खरं व्हायचं. खोटं व्हायचं तेव्हा घरचे आनंदात असायचे, जाब विचारायला कुणी येत नसे.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हेही कबूल करायला हवं. त्याच्या फेऱ्यांतल्या काही वाड्यांत बाहेर मेलेल्या माणसाला गावात घेत नसत. मढं शिवेवर ठेवायचं आणि बायकोनं शेवटचं तोंड पाहायला तिथवर चालत जायचं. भागवतनं हे दोनदा पाहिलं होतं. माणसाला आपल्या घरी मरू द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण कोण मरणार हे ठरवायचं काम त्यानं स्वतःकडे कधी घेतलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

सटवाजी त्याच्या गाडीत आला तो भर दुपारी. जन्मभर मेंढरांमागं चाललेला काटक म्हातारा, पण दोन दिवसांच्या उलट्यांनी पार चिपाड झालेला. डोळे खोल गेलेले, पोट टरटरून फुगलेलं. गाडीवरच्या डॉक्टर रोहिणीनं त्याच्या जांघेतली गाठ तपासली आणि सलाइन लावलं.

"आजोबा, आतडं अडकलंय तुमचं. परभणीला आजच ऑपरेशन करतील. आठ-दहा दिवसांत चालत घरी याल."

"मेंढरामागं जाता येईल का?"

"थोडं थांबून. पण येईल."

सटवाजी कण्हता कण्हता हसला. हे पुढे बसलेल्या भागवतला ऐकू गेलं नाही. त्याचं पाळीला बोट लावून झालं होतं आणि त्याचा निकालही लागला होता. शेजारी सटवाजीचा मुलगा मुंजाजी बसला होता. गाव मागं पडलं तसा भागवत हळू आवाजात म्हणाला, "मुंजाजी, मन घट कर. परभणी गाठंल असं वाटत न्हाई."

मुंजाजीचं तोंड उतरलं. "वाटंतच?"

"लय पाह्यलेत मी."

"मंग गाडी फिरवा, मामा. माझा बाप शिवंवर पडू देणार न्हाई मी."

आणि भागवतनं गाडी फिरवली. मागं बसलेल्या रोहिणीला विचारलंसुद्धा नाही. तिनं काचेवर थडाथडा हात मारले तेव्हा कुठं त्यानं कडेला घेतली. मागचं दार उघडलं आणि रस्त्यावरच जुंपली.

"गाडी का वळवली?"

"भागवतमामा म्हणले, वाटंत जातील."

"डॉक्टर मी आहे की मामा?"

मुंजाजीनं भागवतकडे पाहिलं. पोरगी कालपरवा गाडीवर आलेली, मामा चौदा वर्षांचे जुने. स्ट्रेचरवरून सटवाजीच बोलला, "मुंजा, मला दवाखान्यात ने. घरी नको. मला मराचं न्हाई रं."

मुंजाजी ढसाढसा रडायला लागला. "बाबा, तुमाला कळंना गेलंय. शिवंवर ठिवू का मी तुमाला?"

रोहिणी भागवतकडे वळली. "मामा, त्याला सांगा तुम्ही चुकलात म्हणून. तुमचंच ऐकेल तो."

खरं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द बोलला असता तर भागवत नुसता ड्रायव्हर उरला असता. त्यानं दारावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "घरच्यांची मर्जी, मॅडम. आपण काय बोलावं?"

पेशंट न्यायला घरच्यांचा नकार, असा कागद मुंजाजीनं सही करून दिला. म्हाताऱ्याची सही कुणी मागितली नाही.

घरी सटवाजीला बाजेवर ठेवलंच नाही. जमीन सारवली, घोंगडं अंथरलं आणि त्याला खाली घेतलं. तोंडात तुळशीचं पान घातलं. माणूस एकदा खाली घेतला की पुन्हा वर घेत नाहीत. सोयऱ्यांना फोन गेले.

चौथ्या दिवशी मुंजाजीचा फोन आला तेव्हा भागवतची सुट्टी होती. "मामा, तुमी तर वाटंत म्हणले होते. पाव्हणे तीन दिस झाले बसून हायेत. जरा येऊन बघा."

 भागवतनं आधी रोहिणीला फोन लावला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"आता नेला तर, मॅडम?"

"आतडं सडलं असेल. तरी न्या. गाडी पाठवायला सांगते, तुम्ही घरच्यांना तयार करा."

मोटारसायकल घेऊन तो पोचला. अंगण सोयऱ्यांनी भरलेलं. सटवाजी त्याच घोंगड्यावर होता, पोट घागरीएवढं, ओठ फुटलेले. उशाशी त्याची बायको कस्तुराबाई माश्या हाकत होती. भागवतला पाहताच म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्यानं तोंडातलं तुळशीचं पान थुंकलं.

"डायवर, गाडी आणली का?"

 भागवत मुंजाजीचा हात धरून म्हणाला, "गाडी यायलीय. उचल याला, आत्ताच्या आत्ता."

"आता कसं उचलू?" मुंजाजी म्हणाला. "खाली घेतलाय. समदं गाव तोंड बघून गेलं. तुमचं ऐकूनच केलं की मी. तेवढं सांगा, आज तरी सुटतील का?"

 अंगणातला जो तो भागवतच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला म्हणायचं होतं, मी चुकलो. चार दिवस चुकलेलोच आहे. पण मग या पोरानं चार दिवस काय केलं, हेही त्याला सांगावं लागलं असतं, इतक्या लोकांदेखत, त्याच्या बापासमोर. भागवतनं मान खाली घातली.

लोकांना उत्तर मिळालं. कस्तुराबाईनं हंबरडा फोडला आणि तिच्यामागं सगळ्या बाया रडायला लागल्या. सटवाजीला मान वळवता येत नव्हती. बायांच्या मधून गाडीचा रस्ता दिसावा म्हणून तो हातानं त्यांना बाजूला सरका, बाजूला सरका म्हणत होता.