चारिनच्या दरीत घेतलेलं नाव

अल्माटीहून पहाटे सुटलेल्या बसमध्ये एक मारझान सोडली तर सगळ्या साठीपुढच्या बायका, आणि प्रत्येकीच्या अंगात शाळेच्या सहलीचं वारं शिरलेलं. मारझानचं येरदोसशी लग्न नुकतंच झालेलं. सासूबाईंनी तिला पहिल्यांदाच मैत्रिणींत आणलं होतं, म्हणजे आज सूनबाईंची परीक्षा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सासूबाईंचं नाव बातिमा. आपण ते खुशाल घ्यावं, मारझानला मात्र सोय नव्हती. सासरच्या थोरांचं नाव सुनेच्या तोंडून निघालं की घराची शोभा झालीच म्हणून समजा. हाक मारायची ती ‘आपा’ अशी, कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला मारतात तशी.

पहिली फजिती चहातच झाली. मारझान सगळ्यांना चहा ओतून देत होती, तेवढ्यात बस हिंदकळली आणि सासूबाईंच्या मैत्रिणीची, कुल्याशआपांची, चहाची वाटी काठोकाठ भरली.

"अगंबाई! भरून दिलास? पाहुण्याला 'आता ऊठ' म्हणायचं असलं की भरून देतात, बाळ. बसमधून उतरू का मी?"

सगळ्या खिदळल्या. सासूबाई तेवढ्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मारझानचे कान तापले.

पण दरी आली आणि सगळ्या सगळं विसरल्या! सपाट माळ चालता चालता एकदम पायाखालून संपला. खाली तांबडेलाल कडे, बुरुजासारखे सुळके, आणि तळाशी नदीची हिरवी रेघ. मारझानला नाचावंसं वाटलं. सासूबाई तर अक्षरशः पळत सुटल्या. ज्या गुडघ्यांची तक्रार घरात रोज चालायची, ते गुडघे कुठे गेले कोण जाणे.

"कुल्याश, उभी राहा तिथे! रुमाल उडू दे! डोळे मीट, नटीसारखी!"

कुल्याशआपांनी डोळे मिटले. सासूबाई मोबाईल डोळ्यांसमोर धरून मागे सरकू लागल्या. एक पाऊल, अजून एक. त्यांच्या मागे कडा होता.

"आपा!" मारझान लांबून ओरडली. "आपा, थांबा!"

सगळा काठ आपांनी भरलेला आणि जी ती दरीत हाका घालून प्रतिध्वनी ऐकत होती. चार आपा वळल्या, पण हवी ती वळेना. ती आणखी मागे सरकली.

"बातिमा! बातिमा, थांब!"

सासूबाई जागच्या जागी खिळल्या. टाचेखालचा खडा निसटून खाली गेला. आणि दरी ते नाव घेत राहिली, बातिमा, बातिमा, या कड्यावरून त्या कड्यावर.

कुल्याशआपांनी डोळे उघडून तोंडावर हात ठेवला. मारझान धावत आली, सासूबाईंना दंडाला धरून आत ओढलं आणि रडायलाच लागली.

"चुकले, आपा. तोंडातून गेलं. घरी काय सांगाल ते सांगा."

सासूबाईंनी मागे वळून कड्याकडे पाहिलं. त्यांचा श्वास अजून वर होता.

"हे गेल्यापासून," त्या हळूच म्हणाल्या, "कुणी नावानं हाक मारली नाही गं मला. आपा, नाहीतर येरदोसची आई. ही कुल्याशसुद्धा आपाच म्हणते. किती छान वाजलं ते! परत मार."

"मला नाही जमायचं."

"मघाशी जमलं की!"

तेवढ्यात कुल्याशआपा लगबगीनं पुढे आल्या. "ए पोरी, तुझा आवाज खणखणीत आहे. माझंही घे ना, कुल्याश!" मग मागून तिसरी आली, चौथी आली, एकच गलका उडाला.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी सगळ्यांना मागे सारलं.

"रांगेत उभ्या राहा गं! सून माझी आहे. आधी माझं नाव."