पाच गावांत सात विहिरी

"पाच गावांत मिळून सात विहिरी," परीक्षक पडद्याकडे बघत म्हणाले. "असं तुमचा संगणक म्हणतोय."

आसाराम साळवेने चष्मा वर सरकवला. बारा, एकवीस, सात, पंधरा, दहा. पाचही आकडे त्याने कळांकडे न बघता मारले होते आणि पाचही जागच्या जागी दिसत होते. बेरजेच्या चौकटीत मात्र सात.

"मशीन बिघडलं आसंल, साहेब. पहिल्याच गावात बारा हायत की."

परीक्षक नगरहून आले होते आणि त्यांना संध्याकाळच्या एस.टी.ने परत जायचं होतं. त्यांनी बघतो म्हटलं.

आसाराम नेवाशाच्या एका सरकारी ऑफिसात तात्पुरता टायपिस्ट होता. तात्पुरता होऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात दोन कायम साहेब निवृत्त झाले आणि एक कायमचा गेला. मग ऑफिसात संगणक आला. पूजा होऊन, हार घालून तो दोन महिने झाकून राहिला, कारण चालवणारं कुणी नव्हतं. जानेवारीत परिपत्रक निघालं, की एकतीस मार्चपर्यंत संगणकाचं प्रमाणपत्र न दिल्यास रोजंदारीवरच्या टायपिस्टांची सेवा समाप्त होईल. असा टायपिस्ट एकच होता. परिपत्रकही त्यानेच टाईप केलं, तीन कार्बन लावून, एकही चूक न करता.

बाहेरच्या क्लासची फी ऐकून तो जिन्यावरूनच परत फिरला होता. तेवढ्यात समाजातल्या नोकरदार मंडळींनी विहारात फुकट वर्ग काढला. शिकवायला नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी करणारी सीमा दर रविवारी यायची. देणगीत संगणक चार मिळाले, चालू एकच. शिकणारे एकतीस. त्यात वीजही रविवारची सुट्टी पाळायची. म्हणून सीमाने तोडगा काढला, की पुठ्ठ्यावर की-बोर्ड काढून घ्या आणि घरी बोटं चालवा.

सगळे पुठ्ठे आसारामने काढले. टायपिस्टाला कळांच्या जागा स्वतःच्या नावाइतक्या पाठ. समोरच्या संगणकाकडे बघायची त्याला गरज नव्हती आणि त्याने बघितलंही नाही. आसारामभाऊंनी काढलंय म्हटल्यावर तपासायचं काय, असं सगळ्यांचं मत पडलं, सीमाचंही. नाव-गाव-पत्त्याचा धडा खऱ्या संगणकावर झाला. आकड्यांच्या धड्याला दोन्ही रविवारी वीज नव्हती, तो पुठ्ठ्यावरच उरकला.

घरी तो जेवण झालं की पुठ्ठा मांडीवर घेऊन बसायचा.

"पुठ्ठ्यावर बोटं नाचवून पगार मिळतो व्हय?" छबूबाईने, त्याच्या बायकोने, एकदा विचारलं.

"मिळतोय त्यो टिकला तरी लई झालं," तो म्हणाला.

परीक्षकांनी आता बाराच्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. "हा एक नाही. एल आहे."

"एकाला एलच मारत्यात की, साहेब."

ऑफिसातल्या इंग्रजी टाईपरायटरवर एकची कळच नव्हती. आकडे दोनपासून सुरू व्हायचे. एकच्या जागी तसाच दिसणारा बारका एल मारला की काम भागायचं, आणि एकोणीस वर्षांत एकाही साहेबाने हरकत घेतली नव्हती. संगणकाने घेतली. एल असलेले आकडे त्याने अक्षरं समजून बेरजेतून वगळले, उरले सात.

"एकाला वेगळी कळ आहे. ही." परीक्षकांनी दोनच्या डावीकडे दाखवलं. आसारामच्या जगात दोनच्या डावीकडे काहीच नव्हतं.

"फिरून मारतो, साहेब. मिनिटाचं काम हाय."

परीक्षक म्हणाले, ते नियमात बसत नाही. पुढची परीक्षा सप्टेंबरात.

"मला मार्चात लागतंय."

हे त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा हात जोडून. सीमा मध्ये पडली, चूक माझी आहे, पुठ्ठे मी तपासायला हवे होते, म्हणाली. परीक्षकांनी शांतपणे सांगितलं, की प्रमाणपत्र पुठ्ठ्याचं नसतं, संगणकाचं असतं. आणि कागदावर शेरा मारून पुढचं नाव विचारलं.

वयाने मोठा म्हणून पहिला नंबर आसारामला मिळाला होता. बाहेर विहाराच्या ओट्यावर बाकीचे तीस जण मांडीवर पुठ्ठे घेऊन बसले होते. तीस जणांची बोटं चालू होती. तो दारातच थांबला, तसाच आत वळला आणि सीमाकडून पट्टी आणि काळं स्केचपेन मागून घेतलं.

"भाऊ, सोपं हाय का?" अंगणवाडीतल्या पुष्पावतीने विचारलं. पुढचा नंबर तिचा होता.

"पुष्पाताई, पुठ्ठा द्या जरा."

"आता? माझं नाव पुकारलंय."

"म्हणूनच द्या." दोनच्या डावीकडे पट्टी लावून त्याने चौकट काढली, आत एक घातला. "एकाला एल मारू नका. एक हितं हाय. डावी करंगळी."

"आन् आपण शिकलो ते?"

"ते चुकलं हुतं," आसाराम म्हणाला. "माझं."

ती आत गेली. मग एकेक पुठ्ठा त्याच्याकडे सरकत आला. तुमचं काय झालं, असं दोघातिघांनी विचारलं. त्याने प्रत्येकाला डावी करंगळी एवढंच सांगितलं. तिसाव्या पुठ्ठ्यापर्यंत स्केचपेन पुसट उमटायला लागलं होतं.

उरला त्याचा स्वतःचा. त्यावरही त्याने पट्टी लावली, चौकट काढली, पुसट एक दोनदा गिरवला आणि वाळेपर्यंत फुंकर मारली. मग दोन्ही हातांची बोटं त्यांच्या नेहमीच्या जागी ठेवून त्याने डावी करंगळी हळूच वर नेली. ती ताणावी लागली, पण पोचली.