विलंबाचे कारण

माझ्या एका सहीसाठी मला चौसष्ट पानांचं पुस्तक देण्यात आलं. 'विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना साहाय्य : शाळांसाठी जिल्हा मार्गदर्शिका' असं त्याचं नाव, आणि कव्हरवर पाच हसरी मुलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "वाचत बसायची गरज नाही हो. मंगळवारी बैठक आहे, आराखड्याच्या कागदावर सही केली की झालं."

मला कुणी 'वाचायची गरज नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी शाळेची बस चालवते. सकाळी आठ दहाला पोरं उतरवली की दुपारी एक वीसपर्यंत मी शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. बाकीचे ड्रायव्हर झोपा काढतात नाहीतर पत्ते कुटतात. मला दिवसा झोप येत नाही आणि पत्त्यांत मी हरते, म्हणून मी पुस्तक वाचलं. तीन दिवस लागले. अख्ख्या शाळेत ते वाचणारी मी एकटीच, हे मला पुढे बैठकीत कळलं.

पुस्तक तसं वाईट नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनीच लिहिलेलं असणार, कारण 'समग्र' हा शब्द पानागणिक चार वेळा येत होता. पण मधूनच शहाणपणाचं वाक्य सापडायचं. पान सतरावर होतं की विद्यार्थ्याची सोय बदलण्यापूर्वी अडचणीचे मूळ कारण शोधून नोंदवावे. आणि पान एक्केचाळीसवर होतं की विद्यार्थ्याचे स्वतःचे मत, त्याला जमेल त्या पद्धतीने, पुरेसा वेळ देऊन विचारावे. त्याच्याखाली मी पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या. मला नववीतून काढून घरी बसवलं तेव्हा मास्तरांचं मत घेतलं, काकांचं घेतलं, शेजारच्या बाईंचंही घेतलं. मी तिथंच दारात उभी होते. "तुझ्या भल्यासाठीच," असं वडील म्हणाले आणि विषय संपला. पस्तीस वर्षं झाली, तो राग अजून ताजा आहे.

आता ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्याबद्दल सांगते. ती पाचवीत आहे. बोलते फार कमी, म्हणजे महिन्यातून एखादा शब्द, तोही मूड असला तर. मी तिला इन्स्पेक्टर म्हणते. कारण बसमध्ये चढली की ती एकेका सीटच्या पाठीला बोट लावत थेट शेवटपर्यंत जाते आणि तिथं उभी राहते. मग मी आरशातून हाक मारते, "काय इन्स्पेक्टर, तपासणी झाली का? या आता पुढे." ती हलत नाही. मी पुन्हा बोलावते. मग ती पुन्हा एकेका सीटला बोट लावत परत येते आणि माझ्या मागच्या सीटवर बसते. ती सीट मी पहिल्या दिवसापासून तिच्यासाठी राखून ठेवली आहे. तिथं धक्के बसत नाहीत, मागच्या टारगटांचा त्रास नाही, आणि माझा डोळा राहतो. दुसरं कुणी बसलं तर मी कान धरून उठवते.

या सगळ्याला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांवरून अकरा पालकांनी अर्ज दिला. बस रोज उशिरा पोचते, मुलांचा पहिला तास बुडतो, वगैरे. चार मिनिटांत कुठला तास बुडतो ते त्यांनाच माहीत. पण अर्ज जिल्हा कार्यालयात गेला आणि तिथून तोडगा आला, की मुलीला स्वतंत्र व्हॅन, सोबत एक मदतनीस, सोमवारपासून. 'विशेष सुविधा' म्हणे. कुणी सुविधा देऊ केली की बदल्यात काय काढून घेतलं ते आधी बघावं, असं माझं मत आहे.

काय काढून घेणार ते तिच्या आईनं मला स्टॉपवर सांगितलं. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करते, कायम घाईत असते. "काकू, आधीच्या शाळेतही असंच केलं होतं. एकटीला गाडीत घालून न्यायचे. तिसऱ्या आठवड्यात ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली ती आठ महिने घराबाहेर पडली नाही. परवा ही व्हॅन नुसती दाखवायला आणली तर परत टेबलाखाली. आता पुन्हा तसं झालं तर शाळा सुटली म्हणून समजा. आणि माझी नोकरीही."

"मग नाही म्हणा की."

"किती वेळा म्हणू? कंटाळा आला मला. चार शिकलेली माणसं समोर बसतात आणि मला मान डोलवावीच लागते."

घरी मी नवऱ्याला म्हटलं, मी सही करणार नाही. ते शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. तुझं काम स्टिअरिंग धरायचं." एवढं ऐकल्यावर सही न करण्याचा माझा विचार अगदी पक्का झाला.

बैठक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत होती. खुर्च्या चार, माणसं पाच, त्यामुळे मला बालवाडीतलं स्टूल मिळालं आणि माझे गुडघे हनुवटीला लागले. समोर जिल्ह्याचे समन्वयक साहेब, टेबलावर त्यांचे दोन फोन. त्यांच्या शेजारी मुलीची आई. खिडकीपाशी विशेष शिक्षिका, म्हणजे पाच शाळा आणि एक स्कूटर सांभाळणारी बारीकशी मुलगी. तिची दर मंगळवारी आमच्याकडे पाळी असते.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"परिवहन," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, जणू मी अख्खं खातंच होते.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ठीक. सगळ्यांनी वाचलंच असेल. सह्या करून घेऊ." कागद आईपुढे सरकला. तिनं पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, पान सतरा," मी म्हटलं.

"काय?"

"मूळ कारण शोधून नोंदवावं, असं लिहिलंय. तुमच्या या कागदावर 'विलंबाचे कारण' असा रकाना आहे, आणि त्यात लिहिलंय 'विद्यार्थिनी'. आता मुलगी हे कारण कसं असेल? उद्या मला ताप आला तर तापाचं कारण 'पेशंट' लिहाल का?"

विशेष शिक्षिकेला अचानक खोकला आला. साहेब मात्र समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, ही मार्गदर्शिका आहे. ती मार्ग दाखवते. त्याच मार्गानं जायला हवं असं बंधन नाही."

"मी ड्रायव्हर आहे साहेब. पाटी लावली असेल तर मी तिकडूनच जाते."

"तुम्ही गाडी चालवा हो, शाळा आम्ही चालवतो," मुख्याध्यापिकाबाई आता तापल्या.

"बरोबर आहे. पण पान नऊ बघा. यादीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय आराखडा लागू होत नाही. यादीत मी आहे. सही करणार नाही."

साहेबांनी पहिल्यांदा पुस्तक उघडलं. नऊ नंबरचं पान शोधायला त्यांना वेळ लागला, कारण पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. वाचून झाल्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला. "तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"तिला विचारा. पान एक्केचाळीस."

"ती बोलत नाही," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"लिहिते," विशेष शिक्षिका म्हणाली. "छान लिहिते. फक्त घाई केलेली तिला चालत नाही."

इन्स्पेक्टरला वर्गातून बोलावलं. ती आली, चारी खुर्च्यांच्या पाठींना बोट लावलं, साहेबांच्या खुर्चीलाही, आणि आईला टेकून उभी राहिली. शिक्षिकेनं कागदावर प्रश्न लिहिला. शाळेत कसं यायचं आहे, बसनं की व्हॅननं? आणखी काही सांगायचं असलं तर तेही लिही. आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली.

अकरा मिनिटं लागली. साहेबांचा एक फोन थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. ते काही बोलायला गेले की मी पुस्तकावर बोट ठेवायची, 'पुरेसा वेळ'. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती. या शिकलेल्या लोकांना बसची बाई धडा शिकवतेय, हे मुलीच्या आईनं पाहावं असं मला वाटत होतं. ती पाहतही होती.

मुलीनं पेन्सिल खाली ठेवली. शिक्षिकेनं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला.

"बस. मला शेवटची सीट पाहिजे. मी रोज तिकडे जाते. काकू रोज परत बोलावतात."

मग साहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे ती चार मिनिटं..."

"परत बोलावण्यात जातात," मुख्याध्यापिकाबाईंनी वाक्य पुरं केलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

मला कुणीतरी फाडकन तोंडात मारल्यासारखं झालं. तीन वर्षं. शाळेचे दिवस धरले तर सहाशेच्या वर सकाळी ही पोर आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि सहाशेच्या वर वेळा मी तिला तिथून परत बोलावलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पान एक्केचाळीस मी साहेबांना वाचून दाखवत होते, आणि बसमध्ये मात्र मीच माझे वडील होऊन बसले होते. तुझ्या भल्यासाठीच. मला इतकी लाज वाटली की त्या स्टुलावरून उठून पळून जावंसं वाटलं, पण गुडघे अडकले होते.

"चुकलं माझं," मी तिला म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण पेन्सिल उचलली, कागद ओढला आणि माझ्या माफीचा विचार करून एक शब्द लिहिला, "हो."

तिची आई हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती हसता हसता रडतही होती, आणि तिनं पेनाला टोपण लावून टाकलं होतं.

"मग आता या रकान्यात काय लिहायचं?" साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांना वाटलं असेल, ही बाई आता कारणं सांगेल. सांगितली असतीही. मला कारणं भराभर सुचतात. पण मुलगी तिथंच उभी होती. मी 'विद्यार्थिनी' या शब्दावर काट मारली आणि तिथं 'चालक' लिहिलं. व्हॅनच्या ओळीवर साहेबांनी काट मारली. मग मी सही केली.

घरी सगळं सांगितलं तेव्हा नवऱ्यानं मशीन थांबवलं. "मी काय म्हटलं होतं? अवलक्षण."

"हो," मी म्हटलं. वाद घालायला त्या दिवशी काही हाती नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चढली. एकेका सीटला बोट लावत मागे गेली. हाक माझ्या ओठांपर्यंत आली होती, ती मी गिळली. मागच्या टारगटांपैकी एकानं दप्तर मांडीवर घेतलं आणि सरकून जागा केली. ती बसली. पाऊण मिनिटसुद्धा लागलं नाही.

शेवटच्या सीटवर एवढं काय आहे, ते मला तरी कुठं माहीत होतं? उतरताना एका पोराला विचारलं, तेव्हा त्यानं मला वेड्यात काढलं. "काकू, स्पीडब्रेकर आला की मागचे सगळे वर उडतात. पण तुम्ही एवढं हळू घेता, मजाच जाते."

हळू मी तिच्याचसाठी घेत होते, दुसऱ्या कुणासाठी नाही.

दुपारी परत जाताना पेट्रोल पंपापुढचा स्पीडब्रेकर आला. रस्ता मोकळा होता. मी ब्रेक नेहमीपेक्षा जरा कमी दाबला. मागची अख्खी रांग वर उडाली आणि किंचाळली, आणि त्या कल्लोळात एक आवाज होता, उंच आणि फाटका, जो मी तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता. ती खिदळत होती. माझे डोळे भरून आले. मी स्वतःला दम दिला, रडायचं ते घरी जाऊन रड बाई, गाडीत सव्वीस पोरं आहेत.