आईच्या हाताची किनार

रुमालाच्या दोन बाजूंची किनार पूर्ण झाली होती. तिसऱ्या बाजूवर ती निम्म्यात थांबली होती, कारण तिथेच आईच्या उजव्या हाताची बोटं थांबली. उन्हाळ्याच्या तोंडाला क्रोशाची सुई तिच्या हातातून गळून पडू लागली. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, फार उशीर झालाय, ऑपरेशन केलं तरी पकड परत येईलच असं नाही. घरात हे फक्त मला माहीत होतं.

"तुंजायला कळता कामा नये," आई म्हणाली.

तुंजाय माझा धाकटा भाऊ. अंजिराचा हंगाम संपता संपता त्याचं शुलेशी लग्न होतं आणि लगेच दोघं दूर डेनिझ्ली शहरात राहायला जाणार होते. तिथल्या टॉवेलच्या कारखान्यात त्याला पक्की नोकरी लागली होती. आईचा हात गेलाय हे कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी नोकरीला नकार कळवला असता. तो तसाच आहे. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा कोणी न सांगता त्याने शाळा सोडली होती.

"एकदा या घरापायी शाळा सोडली त्याने," आई म्हणाली. "आता पुन्हा काही सोडलेलं मला बघवणार नाही."

त्यामुळे ती चहाचा ग्लास डाव्या हाताने उचलायची आणि कोणी विचारलंच तर उजवा भाजलाय म्हणून सांगायची. एवढ्यावर निभावलं असतं. अडचण रुमालाची होती. आमच्याकडे मेंदीच्या संध्याकाळी सासू सुनेच्या डोक्याला स्वतः किनार विणलेला रुमाल बांधते, आणि त्याच्या आदल्या रविवारी मुलीकडच्या बायका सगळं सामान हातात घेऊन बघून जातात.

"सगळं उसवून मीच पहिल्यापासून विणते," मी म्हटलं.

"अर्धा रुमाल नझिरेने बघितलाय. आणि वीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून अंजीर निवडलेत तिने. माझा हात ती लांबून ओळखेल."

नझिरे ही शुलेची मावशी. तिला शंका आली की शुलेला कळणार आणि शुलेकडून तुंजायला.

म्हणजे उरलेली किनार मला विणायची होती, आणि ती आईसारखी दिसायला हवी होती. मी रसायनशास्त्राची पदवीधर. क्रोशाची सुई कधी हातात धरली नव्हती. लहानपणी आई शिकवायला बसली की मी अभ्यासाचं पुस्तक पुढे करायचे आणि ती हसून सोडून द्यायची.

टाका तसा सोपा होता. कापडाच्या काठात सुई घालायची, साखळी ओढायची, पुढे थोड्या अंतरावर पुन्हा काठात अडकवायची की एक कमान होते. परतताना कमानीवर खांब घालायचे आणि माथ्यावर एक छोटं टोक काढायचं. चार दिवसांत मला ते जमलं. पण माझी कमान आणि आईची कमान शेजारी शेजारी ठेवली की आंधळ्यालाही फरक कळला असता. आईच्या कमानी कापडावर पसरून पडायच्या. माझ्या ताठ उभ्या राहायच्या आणि काठ आत ओढून घ्यायच्या. तिच्या दहा कमानींच्या जागेत माझ्या बारा बसत होत्या.

"धाग्याचा गळा आवळू नकोस गं," आई म्हणायची. "तो काय पळून जातोय?"

मी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची ठरवलं. आधी जाड सुई घेतली. कमान मोठी झाली पण खांब बेढब दिसायला लागले. मग धागा बोटाला दोनऐवजी एकच वेढा घालून धरला, मग ओला करून घेतला. प्रत्येक वेळी तुकडा विणायचा, पट्टीने मोजायचा, उसवायचा.

"लग्नाचा रुमाल आहे तो, फेर्दा. औषध बनवतेस का?"

"तू कसा धरायचीस ते नीट सांग ना मग."

तिने डावा हात माझ्या हातावर ठेवला, बोटं थोडी सैल केली आणि म्हणाली, "असा." मी तसाच धरला. तिने हात काढला की बोटं पुन्हा आवळायची.

"मला नाही सांगता येत," ती शेवटी म्हणाली. "मी कधी धाग्याकडे लक्षच दिलं नाही."

हंगाम सुरू झाला आणि मला रात्रपाळी लागली. जिथे गेल्या वर्षापर्यंत आई होती तिथेच, सुक्या अंजिरांच्या कारखान्यात. प्रयोगशाळेत जागा निघाली की कळवू, असं ते दोन वर्षं सांगत होते. तोवर मी काळोख्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली उभी राहून सरकत्या पट्ट्यावरचे अंजीर निवडत होते. बुरशीचं विष असलेला अंजीर त्या उजेडात हिरवट पिवळा चमकतो, तो उचलून बाजूला टाकायचा. ते विष कुठलं, त्याच्या रेणूत काय काय असतं, हे मी कागदावर काढून दाखवू शकले असते. पट्ट्याला त्याचं काही नव्हतं, तो पुढे सरकत राहायचा.

"काय गं केमिस्ट," समोरची रुकिये ओरडायची, "चांगला अंजीर टाकलास की! आता काय तुझे डोळे चमकायला लागले?"

"तुझे दात चमकतायत रुकियेताई, त्याने दिपले मी."

पहिले तीन तास अशी थट्टा चालायची. नंतर कोणी बोलायचं नाही. पहाटेपर्यंत खांद्यापासून खालचा हात आपलाच आहे की नाही असं वाटायचं.

रुमाल बघायच्या रविवाराला आठवडा राहिला होता. त्या सकाळी मी कामावरून आले ती अंघोळही न करता गच्चीतल्या खुर्चीत बसले आणि रुमाल मांडीवर घेतला. झोप येणार नव्हती, आणि झोपायला वेळही नव्हता. दोन तुकडे विणले. मोजायचा कंटाळा आला म्हणून मोजले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे, आई चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"हे कुठलं? माझं की तुझं?"

मी बघितलं. कमानी काठावर लोळत पडल्या होत्या. जोड कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं.

"जमलं!" आई म्हणाली. "बघ, हात आपोआप बसतो. शेवटी माझीच मुलगी."

तिला इतकं आनंदात बघून मी माझी शंका मनातच ठेवली. संध्याकाळी झोपून उठल्यावर पुन्हा विणायला घेतलं तर कमानी ताठ. दुसऱ्या दिवशी पाळीनंतर लोळत्या. तिसऱ्या दिवशी मुद्दाम दोन्ही वेळा विणून पाहिलं आणि तेच आलं. मग शंका उरली नाही. सुईत, धाग्यात काही नव्हतं. आई आयुष्यभर पाळीवरून आल्यावरच विणत आली आणि काम सुटलं तरी हाताला तेच वळण राहिलं. ज्याला ती आपला हात म्हणत होती तो दमलेला हात होता.

म्हणून त्यानंतर मी फक्त सकाळीच विणलं. पाळी, मग किनार, मग जेमतेम झोप. शनिवारी चौथी बाजू पुरी झाली.

रविवारी नझिरे मावशी तीन बायकांना घेऊन आली. शुलेही होती. पडद्यांपासून पातेल्यांपर्यंत सगळं उलटंपालटं करून झालं आणि मग रुमाल नझिरेच्या हातात आला. तिने चष्मा लावला. अंगठ्याचं नख काठावरून सरकवत पहिली बाजू गेली, दुसरी गेली. आई उजवा हात शालीखाली घेऊन बसली होती. तुंजाय दारात उभा राहून ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होता, बुधवारीच सामान हलवायचं म्हणून. नख तिसऱ्या बाजूवरून न थांबता सरकलं. चौथीवर ते थांबलं.

"हाजेर, हे हंगामातच विणलंस ना?"

"का गं?" आईने विचारलं.

"कळतं. हंगामात तुझा हात असाच चालतो. रात्रभर उभी राहिलेल्या बाईचा." नझिरे हसली आणि तिने रुमालाची घडी घातली. "हात सलामत राहोत तुझे."

"तूही सलामत राहा," आई म्हणाली.

बायका चहा पिऊन गेल्या. तुंजाय शुलेला सोडायला गेला. बुधवारचा ट्रक ठरला होता. मी ग्लास गोळा करत होते. आई जागची हलली नव्हती.

"कारखाना सोडून मला वर्ष झालं, ते नझिरे विसरली," ती म्हणाली. "पण त्या किनारीत रात्रपाळी तिला दिसली. ती कोणाची?"

मी ग्लास ट्रेमध्ये रचत राहिले.

"तू कामावरून आल्यावर विणत होतीस. मुद्दाम?"

"तसंच जमत होतं आई. नाहीतर घट्ट येत होतं."

तिने माझा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून सरळ करून बघितली, दुखापत शोधल्यासारखी.

"घट्टच यायला हवं होतं," ती म्हणाली. "माझ्या हाताचं वळण तुला नको होतं यायला."

"रुमाल झाला ना?"

"झाला." तिने ग्लासांचा ट्रे माझ्याकडून डाव्या हाताने ओढून घेतला. तो कलंडला, एक ग्लास घरंगळत गालिच्यावर गेला, फुटला नाही. "राहू दे तो. जा, झोप. कारखान्याची गाडी आज किती वाजता येते?"

"आठला."

"साडेसातला उठवते."

मी कपडे न बदलताच आडवी झाले. आई डाव्या हाताने पडदा ओढत होती आणि तो मध्येच अडकत होता. उठून ओढून द्यावा असं मनात आलं, पण अंग उचललं नाही.