विचारायचं राहिलं

मुंग्या आलेला पाय नागनाथने दोन्ही हातांनी उचलून सरळ केला आणि पुन्हा डोळे मिटले. विहाराच्या पत्र्याखाली ध्यानाला बाकीचे कसे निवांत बसले होते! त्याच्याच अंगात कसली वळवळ होती कोण जाणे. श्वास आत, श्वास बाहेर, एवढंच तर बघायचं होतं. कारखान्यात चार माग एकट्याने सांभाळणाऱ्याला एवढंही जमू नये?

जमत नव्हतं, कारण डोळे मिटले की आईचे हात दिसायचे. बारा वर्षांपूर्वी गावाकडच्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली. त्या सकाळी त्याने देव्हाऱ्यातले टाक तिच्या हातांतून हिसकावले आणि तरातरा जाऊन तापीत फेकले. लोकांनी पाठ थोपटली. तेव्हापासून त्याची आई, चंद्रभागा, त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. सुरतेत आल्यावर ती एकदाही नदीकडे फिरकली नाही. म्हातारीचं देवांचं वेड काही सुटत नाही, असं तो चारचौघांत हसून सांगायचा.

काल त्याने ध्यान शिकवणाऱ्या भन्तेंना हे सांगितलं होतं.

"येतंय ते नीट बघ," एवढंच ते म्हणाले.

म्हणून आज तो बघत राहिला. हातांत टाक. अंगावर दीक्षेसाठी घेतलेलं कोरं पांढरं लुगडं. आणि ती देव्हाऱ्यापाशी नव्हतीच, उंबऱ्याबाहेर उभी होती. तोंड नदीच्या वाटेकडे होतं. नागनाथ उठला आणि तडक घराकडे निघाला.

घरी चंद्रभागा तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"माय, त्या दिवशी टाक घेऊन तू कुठं चालली होती?"

सुपातला हात थांबला.

"नदीवर. आनखी कुठं?"

"सोडायला?"

"मंग? सासूनं माह्या हातात देले होते. मीच माह्या हातानं सोडनार होती. दीक्षा काय तू एकट्यानं घेतली? मले इचारलं कुठं तू?"

बापाच्या मयताला न रडलेला माणूस तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

"चुकलो, माय."

ती पाठीवरून हात फिरवत राहिली. हळूहळू त्याचा श्वास संथ झाला. आठ दिवस जो हाती लागत नव्हता, तो आता आपोआप येत-जात होता. सुटलो, असं त्याला वाटलं. भन्तेंना उद्या सांगायचं, असंही त्याने ठरवलं.

चंद्रभागाने सूप पुन्हा पुढे ओढलं.

"एक इचारू का रे?"

"इचार ना, माय."

"आठ दिस झाले, तू रोज जातो तिथं. बायांनी बसलेलं चालत नाही काय?"

शेजारची शोभाबाई विहारात पहिल्या दिवसापासून पुढच्याच रांगेत बसत होती.

"चालतं," नागनाथ म्हणाला. त्याला मान वर करता आली नाही.