दुसरा ब्रेक

"हे काय नवीनच?"

गाड्यांच्या व्यापाऱ्याने स्टिअरिंगखाली घातलेलं डोकं बाहेर काढलं आणि स्वतःचं बोट उन्हात धरून पाहिलं. बोट स्वच्छ होतं. तेच त्याला खटकलं.

"पेडलची रबरं कोरी करकरीत. खालच्या मॅट कोऱ्या करकरीत. डॅशबोर्ड तर असा चकाकतोय की त्यात बघून भांग पाडावा. चौदा वर्षांची गाडी एवढी नटूनथटून निघाली कुठे?"

"विकायला!" भिंगरी म्हणाली. तिला वाटलं, कौतुकच चाललंय. "सगळं मी केलंय. काल दुपारभर खपून."

"तू? का बरं? लपवण्यासारखं काय होतं?"

भिंगरीची फुगलेली छाती फुस्स झाली.

तिला भिंगरी म्हणायचे, कारण जन्माला आल्यापासून ती एका जागी टिकली नव्हती. काल आत्या गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली होती. तेवढ्यात हिने वाढदिवसाचे साठवलेले पैसे काढले, कोपऱ्यावरच्या दुकानातून रबरं आणि मॅट आणल्या, गाडीतली झिजकी रबरं उपटली, फाटक्या मॅट ओढून काढल्या आणि सगळा कचरा एका पिशवीत कोंबून डिकीत टाकला. येता-जाता फेकू म्हणून. तो फेकायचा राहून गेला ही गोष्ट वेगळी. आज सकाळी गाडीत बसताना आत्याने पायाखाली पाहिलं, भुवया उंचावल्या, पण "चकाकतेय गं छान" एवढंच म्हणाली. आत्याचं हे नेहमीचंच. समोरच्याला आधी करू द्यायचं. बोलायचं ते मागाहून.

आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवायची. याच गाडीत, डावीकडच्या सीटवर बसून. तिच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची वेगळी जोडी होती, शिकणाऱ्याने घोळ घातला तर सावरायला. इथे बसून तिने रात्रपाळीच्या नर्सेस शिकवल्या, बेकरीवाले बापलेक शिकवले, प्रत्येक चढावर रडणाऱ्या एक शिक्षिका शिकवल्या, आणि भिंगरीच्या बाबांनाही शिकवलं. आता तिचा गुडघा कुरकुरायला लागला होता आणि गाडीचंही वय झालं होतं. मागच्या आठवड्यात जेवताना बाबांनी विषय काढलाच.

"ताई, पुरे झालं आता. माझ्या दुकानात गल्ल्यावर बस. पंख्याखाली, निवांत."

"गल्ल्यावर बसून मी काय करू? गिऱ्हाइकांना रिव्हर्स शिकवू?"

"मग दुसरी गाडी कुठून आणणारेस? हिला कोण विचारतंय? भंगारात जाईल ही."

आत्याला राग आला की ती आवाज चढवत नाही, आकडा सांगते. "सव्वा लाख," ती म्हणाली. "सव्वा लाखाची गाडी आहे माझी. तेवढ्यात नवीन गाडीची पहिली रक्कम सुटते. याहून एक पैसा कमी आला ना, तर सोमवारपासून तुझ्या गल्ल्यावर."

बोलून गेली. आणि आत्या शब्द फिरवणाऱ्यांतली नव्हती, हीच तर खरी पंचाईत.

व्यापाऱ्याने बॉनेट उघडून पाहिलं, मिटलं आणि त्यावर तळहात टेकवला. "बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शिकाऊ गाडी आहे ही. शेकडो लोकांनी हिचे गिअर ओरबाडले असतील, क्लच जाळला असेल. वर तुम्ही शिकवणारे मिनिटामिनिटाला बाजूने ब्रेक हाणता. गाडीची हाडं खिळखिळी होतात त्याने. हा दुसरा ब्रेक काढायचा खर्च आणखी माझ्या गळ्यात. जुनी रबरं असती तर निदान कळलं असतं, गाडी कशी वापरलीय ते. आता या नव्या रबरांवरून मी काय समजायचं? सत्तर देतो."

सत्तर! भिंगरीच्या डोळ्यांसमोर आत्या गल्ल्यावर जाऊन बसलीसुद्धा. डोक्यावर पंखा गरगर फिरतोय आणि आत्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघतेय. आणि हे सगळं कुणामुळे? स्वतःच्या अकलेचा भिंगरीला इतका संताप आला की तिने जीभच चावली.

"जुनी कुठेयत गं?" आत्याने विचारलं.

"फेकणार होते मी, खरंच..."

"म्हणजे नाही फेकलीस."

"डिकीत आहेत."

"आळशी आहेस ते बरं झालं," आत्या म्हणाली.

भिंगरीने पिशवी बॉनेटवर रिकामी केली. व्यापाऱ्याने एकेक रबर उचललं. चालकाच्या बाजूची रबरं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. तो मान हलवत होता. मग त्याच्या हातात एक वेगळंच रबर आलं. त्यावरच्या रेघा अजून बोटाला टोचत होत्या.

"हे कुठलं?"

"माझ्या बाजूच्या ब्रेकचं."

"म्हणजे मध्ये कधीतरी बदललेलं."

"नाही हो. गाडी आली तेव्हाचं."

"शिकाऊ गाडीत? काहीतरीच!" तो हसला आणि त्याने डावीकडची मॅट उलगडली. तिला मधोमध, बशीएवढं, आरपार भोक पडलं होतं. त्याचं हसू थांबलं. "आता हे काय? ब्रेक दाबलाच नाही म्हणता, मग मॅट कशाने फाटली?"

"टाचेने," आत्या म्हणाली. "चला, एक फेरी मारून येऊ. तुम्ही चालवा."

व्यापारी चालकाच्या सीटवर, आत्या आपल्या जागी, भिंगरी मागे. बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर तो इंजिनाकडे कान देऊन गिअर बदलत होता, एकदा वर, एकदा खाली, मुद्दामच. गिअर लोण्यात सुरी फिरावी तसा पडत होता. तेवढ्यात उजवीकडच्या बोळातून सिलिंडरांनी भरलेली एक हातगाडी सुसाट बाहेर आली. भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले. गाडी कचकन थांबली. डोळे उघडले तेव्हा हातगाडी हातभर अंतरावर होती आणि हातगाडीवाला व्यापाऱ्याच्या घराण्याचा उद्धार करत होता.

"अहो बाई!" व्यापाऱ्याला घाम फुटला होता. "दाबायचा ना तुमचा ब्रेक! पाय तर ब्रेकच्या वरच होता तुमचा, बघितलं मी!"

"तुम्हाला दिसला होता ना तो?"

"दिसला म्हणजे... हो, दिसला."

"माहितीये मला. रेसवरचा पाय तुम्ही आधीच उचलला होता. मग मी कशाला दाबू?"

"आणि नसता दिसला तर?"

"तर तुम्हाला कळायच्या आत दाबला असता. तसे प्रसंगही आलेत. थोडे." आत्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "मी दाबला की गाडी थांबते हो. पण चालवणाऱ्याच्या मनात बसतं, आपल्याला जमत नाही. ते काढायला मग महिना जातो. त्यापेक्षा माझा पाय दुखलेला परवडला."

व्यापाऱ्याच्या आवारात परत आल्यावर त्याने डावीकडची नवी मॅट काढली, जुनी अंथरली आणि स्वतः त्या सीटवर बसला. टाच त्या भोकात ठेवली, चवडा ब्रेकच्या वर, न टेकवता, तसाच धरला. भिंगरी बघत होती. थोड्याच वेळात त्याचा पाय थरथरायला लागला.

"पोटरी भरून आली," तो म्हणाला.

"येते," आत्या म्हणाली.

तो खाली उतरला, पँट झटकली. "एक वीस. यापुढे गेलो तर बायको घरात घेणार नाही."

भिंगरीला आत्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पाच कमी. आणि आत्या गयावया करणार नाही, मरून जाईल पण करणार नाही. आपणच घसा खाकरतोय हे भिंगरीला जरा उशिराच उमगलं.

"काका, दुसरा ब्रेक काढायचा खर्च तुम्ही धरलाय ना यात?"

"धरलाय की."

"मग काढा आणि आम्हालाच द्या. नव्या गाडीला लागणारच आहे. अख्खा संच आठ हजारांच्या खाली मिळत नाही. काल रबरं घेताना दुकानात टांगलेला पाहिलाय मी. तुम्हाला नाहीतरी तो अडगळच. एक वीस आणि आठ, किती झाले?"

व्यापारी आत्याकडे वळला. "ही कोण तुमची?"

"भाची," आत्या म्हणाली.

"गाडी चालवते?"

"अठरा झाल्यावर. तोंड मात्र आत्ताच टॉप गिअरमध्ये आहे."

व्यापारी खदखदून हसला आणि त्याने मेकॅनिकला हाक मारली.

तासाभराने दुसरा ब्रेक, त्याचा क्लच आणि दांडे एका जाड पिशवीत घालून भिंगरीच्या हातात आले. आत्याने किल्ल्या दिल्या. मग काहीतरी विसरल्यासारखी मागे फिरली, चालकाचं दार उघडलं आणि सीट मागे सरकवली. धडा संपला की रोज सरकवायची तशीच, पुढे येणाऱ्याला बसायला सोपं जावं म्हणून. जुनी मॅट तिने गुंडाळून काखेत मारली.

"ती फाटकी कशाला नेता?" व्यापाऱ्याने विचारलं.

"तुम्हाला नव्या दिल्यात ना हिने," आत्या म्हणाली आणि चालायला लागली.

घरी जायला बस पकडली. दोघींना अगदी पुढची सीट मिळाली. पिशवी भिंगरीच्या मांडीवर. जड होती, पण आज तिला दहा पिशव्या उचलता आल्या असत्या.

"आत्या, बाबा हे आठ हजार धरतील का गं?"

"न धरून सांगतो कुणाला? त्याला गाडी मीच शिकवलीय. पहिल्याच दिवशी दुधाच्या टेम्पोत घुसवत होता."

"अय्या! मग दाबलास?"

"त्या रबरावरचा सगळ्यात मोठा ओरखडा तुझ्या बापाचा आहे."

भिंगरी इतकी हसली की मागच्या बाकावरचे आजोबा जागे झाले. तेवढ्यात समोरून एक सायकल आडवी गेली आणि बसच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. उभे असलेले लोक एकमेकांवर कलंडले, कुणाचा तरी डबा घरंगळत पुढे आला. भिंगरीने पिशवी छातीशी आवळली आणि तिची नजर खाली गेली.

आत्याची टाच बसच्या पत्र्यावर घट्ट टेकलेली होती. चवडा वर, अधांतरी, तयार. त्याखाली काहीच नव्हतं. ब्रेक तर भिंगरीच्या मांडीवर होता.

बस थांबली. सायकलवाला पुढे निघून गेला.

"बघितलं होतं ड्रायव्हरने वेळेवर," आत्या म्हणाली आणि मग चवडा हळूच खाली टेकवला.