लाटांचा धंदा

एडवणच्या त्या आळीत हळदीला कोणी आपणहून उठत नाही. चंद्रकांता मावशी गाण्यातून बोलावते. आधी नाव, मग धंदा, मग एखादा चिमटा. मांडव हसला की त्या माणसाने उठायचं आणि पाटावर बसलेल्याच्या गालाला हळद लावायची. ज्याचं नाव गाण्यात नाही, तो पाहुणा. त्याने जेवावं, आहेर द्यावा, घरी जावं.

हेमांगी तीन वर्षांपूर्वी पाहुणी झाली होती. मोठी बहीण मेघाली हिच्या हळदीला ती तिकडे व्हँकुव्हरमध्ये अडकली, एका सिनेमातलं वादळ पुरं करायचं होतं म्हणून. फोनच्या पडद्यावर तिने सगळं गाणं ऐकलं. आई आली, आत्या आली, धाकटा मेहुल आला. मग मावशीने टाळी दिली नि गाणं मिटवलं. आवाज गेला असेल म्हणून हेमांगीने फोन हलवूनसुद्धा पाहिला होता.

आज मेहुलची हळद. हेमांगी रजा काढून आली होती, आणि सकाळपासून तिचा जीव त्या गाण्यात अडकला होता.

दुपारी केळव्याहून हर्षित आला, स्कूटरवर पुढे विड्याच्या पानांची करंडी घेऊन. पानं घरच्या वेलीची. दोघं मुंबईच्या कला महाविद्यालयात एका वर्गात होते. आता तो जर्मनीत, लाइपझिगच्या नाटकघरात प्रकाशयोजना करतो. तो टेकतो न टेकतो तोच मांडवातून हाक आली, “ए जर्मनी, ही माळ पेटत नाय, बघ जरा!”

दिव्यांच्या माळेचा गुंता मांडीवर घेऊन तो हेमांगीशेजारी बसला. समोर बोंबील सुकत टांगलेले, त्यांच्या फटींतून समुद्र चमकत होता.

“बाबा गावभर सांगतात, पोरगा लायटिंगवाला,” हर्षित म्हणाला. “गणपतीत आलो की आधी शिडी देतात हातात.”

“राग येतो?”

“आधी यायचा. आता शिडीवर बरं वाटतं. तिकडे माझं काम चांगलं झालं तर ते कोणाच्या लक्षातच येत नाही. इथं माळ पेटली की टाळ्या.”

हेमांगी हसली. “माझं नाव सिनेमा संपल्यावर येतं. शेकडो नावांत एक. पहिल्या वेळी तिकीट काढून बसले होते. नाव वर सरकेपर्यंत थेटरात मी आणि झाडूवाला. मी त्याला बोट दाखवलं, ते बघ, मी!”

“मग?”

“त्याने मान डोलवली नि म्हणाला, पाय वर घ्या.”

हर्षितच्या हातातली माळ हसण्याने खुळखुळली. मग तो हळूच म्हणाला, “पस्तावलीस?”

“नाही रे. फुटलेल्या लाटेचा फेस कुठं रेंगाळेल हे ठरवण्यात माझा दिवस जातो. याहून मला काय हवं होतं? पण जिथं बसून लाट बघायला शिकले, तिथल्या गाण्यात मी नाही.”

तेवढ्यात मावशीच आली. पानं पुसायच्या निमित्ताने फतकल मारून बसली.

“काय गो हेमे, तुजी आय सांगते कंप्युटर. कंप्युटर त बँकेतला पन करतो. त्यावर काय गाऊ? धंदा सांग.”

“मावशी, मी सिनेमात स्पेशल इफेक्ट्सच्या...”

मावशीने हर्षितकडे पाहिलं. “ही काय बोलते रं?”

“लाटा बनवते, मावशी.”

“लाटा? हितं फुकटच्या येतात, त्या कमी पडल्या?”

हेमांगीला हसू आलं नाही. “सिनेमातली होडी कोरडीच असते, मावशी. मोठ्या खोलीत उभी. तिच्याखालचं पाणी मी करते.” बोलून जमेना तसा तिने तळहात वाकवला. होडीचं तोंड पाण्यात कसं शिरतं, पाणी दोन अंगांनी कसं उलटतं, मागे पांढरी वाट कशी उरते, ते हातानेच दाखवलं.

मावशी हाताकडे बघत राहिली. “नि ताईच्या हळदीला का नाय आलीस?”

“वादळ पुरं व्हायचं होतं.”

“बघते,” एवढं बोलून मावशी उठली.

दिवेलागणीला मांडव भरला. हर्षितची माळ पेटली, टाळ्या पडल्या. तारापूरच्या कारखान्यातली पाळी सोडून मेहुल पाटावर बसला, तर मावशीने पहिला चिमटा त्यालाच काढला: साहेबाला भोंगा ऐकू येतो, आईची हाक येत नाय. मग जमना उठली, हेमांगीची आई. मग आत्या. मग मेघाली, कडेवर पोर घेऊन.

आणि मावशीने टाळी थांबवली.

तीच शांतता. हेमांगीने मान खाली घातली. मावशी तांब्यातलं पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं, आणि आवाज उचलला:

“हळद लावाया कोन गो आली?
जमनाची लेक, हेमी गो आली।
काय तिचा धंदा, काय तिचा थाट?
खोलीत बसून उभी करी लाट।
पाय नाय भिजला, होडी नाय बुडली,
सुक्यात बसून तिनं भरती काढली।
ताईच्या हळदीला ओहोटीला गेली,
भावाच्या हळदीला भरतीला आली।”

मांडव हसून फुटला. सगळ्यांत मोठ्याने मेघाली हसत होती. बायांनी शेवटची ओळ उचलली, पुन्हा पुन्हा घोळवली. हेमांगी उठली, हळदीत दोन्ही हात बुडवले आणि भावाचं तोंड माखून काढलं.

“रडतेस काय?” मेहुल पुटपुटला. “हळद माझ्या डोळ्यांत गेलीय.”

तिने वळून पाहिलं. मांडवातली एकही खुर्ची रिकामी झाली नव्हती. खांबाशी उभ्या हर्षितला तिने पिवळं बोट स्वतःकडे वळवून दाखवलं, ते बघ, मी! त्याने गंभीरपणे मान डोलवली आणि एक पाय वर घेतला.

“झाली गो भरती, सरक आता,” मावशी ओरडली. “मागं मामी खोळंबल्येय.”

हेमांगी सरकली, बायांच्या ओळीत घुसून बसली आणि मामीच्या गाण्याला टाळी धरली.